वारा पडल्यावर

ऑफलीच्या माळावर सव्वापाचला वारा पडला.
पवनचक्क्या हात वर करून तशाच.
ग्रिडचा निरोप: पंचवीस मेगावॉट, चाळीस मिनिटं. जमेल?

डर्वलाने रांग चाळली.
कुणाच्या लग्नाचे फोटो – थांबतील.
एक यंत्र भाषा शिकत होतं,
त्याला अर्ध्या शब्दावरच अडवलं.
बस जरा. शब्द कुठे पळून जात नाही.

पंख्यांची घरघर उतरली,
इतकी, की तिला स्वतःचं पोट ऐकू आलं.

तिकडे टलमोरमध्ये किटल्या एकदम चढल्या.
म्हाताऱ्या फिन्टनचं श्वासाचं मशीन चालत राहिलं.
त्याला पत्ताच नाही,
तो चहात साखर जास्त झाली म्हणून कुरकुरतोय.

सहाला वारा आला, आळस देत.
यंत्राने उरलेला अर्धा शब्द उचलला.

डर्वलाने तोवर
डबाही गरम केला नव्हता.
उगाच.