दंताळं

नेस्तोर फोन माझ्या नाकाशी धरतो.
पडद्यावर काळी जमीन, खड्डे,
आणि एका माणसाचा आवाज, फार खात्रीचा:
चंद्रबिंद्र काही नाही, ही बघा जागा,
ॲरिझोना, फ्लॅगस्टाफपासून अर्ध्या तासावर.
नातू हसत नाहीये. विचारतोय.
पंधराचा आहे, ओठावर लव आलीय,
मी थाप मारली तर त्याला कळेल.

जागा बरोबर आहे, म्हणतो मी.
तो डावीकडचा मोठा खड्डा माझा.

सदुसष्टचा जुलै. लाकडाच्या वखारीतून
मला नुकतंच काढलेलं,
आणि सरकारी माणसांना भोकं पाडायला हात हवे होते.
मेलेल्या ज्वालामुखीची राख, कोळशाच्या चुऱ्यासारखी,
फावडं मारलं की परत आत घरंगळायची.
भोकात सुरुंग, वर पोत्यांनी खत.
आठवडाभर हाताला शेताचा वास,
पेरलं मात्र काहीच नव्हतं.

हॉलिंग्सहेड साहेब, उन्हाने नाक सोललेले,
चंद्राचा फोटो जीपच्या टपावर पसरायचे,
चार कोपऱ्यांवर चार दगड.
प्रत्येक भोकाला आकडा, आकड्याला खोली.
आधी म्हातारे खड्डे उडवा, ते म्हणायचे, मग तरुण,
म्हणजे तरुणांची माती म्हाताऱ्यांवर पडेल.
अब्जावधी वर्षं आम्ही
जेवणाच्या सुट्टीआधी उरकली.

माझं खरं काम त्यानंतरचं.
दंताळं घेऊन उलटं चालायचं,
स्वतःच्याच बुटांचे ठसे पुसत, पार दोरीपर्यंत.
तिथे अजून कुणी गेलेलं नाही, एउसेबियो.
एकही पाऊल दिसता कामा नये.

मग एका सकाळी पोशाखातली माणसं आली,
पाठीवर पेट्या, गुडघे वाकत नव्हते.
एकाच्या टोपात माशी शिरली.
तो काचेआडून माझ्याकडे बघत राहिला
आणि मी त्याच्याकडे,
दोघांनाही काही करता येईना.

आणि ती एकोणसत्तरची संध्याकाळ?
लख्ख आठवते, सांगतो मी नातवाला.
सासऱ्यांच्या घरी टीव्ही, दारं सताड उघडी,
बाहेर पूर्ण चंद्र, जुनिपरची सावली पडेल इतका.
मी एकदा पडद्याकडे बघायचो, एकदा वर.

डेल्फिना ओला कप पुसत दारात येते.
टीव्ही बंद पडला होता, म्हणते.
बाबांनी थापट्या मारमारून हात सुजवून घेतला.
आपण रेडिओ ऐकला, सेबियो.
आणि पूर्ण कसला, कोर होती, अर्धीसुद्धा भरली नव्हती.
मी पोटुशी, अंगणात ओकत होते,
आकाशात किती उजेड होता ते मला विचार.

नेस्तोर लगेच फोनवर शोधतो.
कोरच.

तर हे असं.
माणूस तिथे गेला, याची मला शंका नाही.
मी त्या खोलीत होतो का, याची आहे.
छप्पन्न वर्षं ज्या सावलीत उभा होतो
त्या झाडावर तेवढं चांदणंच नव्हतं.
तो ठसा मग मी कुठे पाहिला?
मासिकात असेल. न्हाव्याच्या दुकानात, पाळी येईपर्यंत.
राखेत उठलेल्या आडव्या रेघा,
काठ कसे स्वच्छ,
आणि माझे हात खुर्चीवरच दंताळं शोधू लागले.
एवढं खरं. हे डेल्फिनालाही माहीत नाही.

रविवारी आम्ही तिथे गेलो.
मोटारसायकलींनी बरंच सपाट केलंय.
माझा खड्डा सापडला, किंवा दुसऱ्या कुणाचा,
तळाशी बिअरचे डबे, एक लहान मुलाचा मोजा.
नेस्तोर उतरला, मधोमध थोडा उभा राहिला.
फोन खिशातच.
वर येताना तो उलटा चालत होता,
बुटाच्या कडेने मागचं पुसत पुसत.

असू दे रे, मी ओरडलो.
वारा होता. त्याला ऐकू गेलं नसावं.