उसनी वाटी

इथं शिक्षक नाहीत.
खुरिब्गा गावात आहेत, ह्या इमारतीत नाहीत.
फी नाही, घंटा नाही, हजेरीपुस्तक नाही.
पहिल्या दिवशी मी वही उघडून बसले,
कुणी येईल म्हणून.
दुपारी शेजारचा झुहैर म्हणाला,
"लल्ला गिझलान, कुणी येत नसतं."
तो एकोणिसाचा. मी एकतिसाची.

बाहेरून फॉस्फेटची मालगाडी जाते,
कीबोर्डवर करडी साय धरते.

आई सफ्रूत रेशमी दोऱ्याची बटणं वळते,
लोकांच्या जेलाब्यांसाठी.
गाठ चुकली तर सुई उलटी घालून
मागे मागे सोडवत जाते.
दोरा तोडत नाही. दोरा महाग.
फोनवर विचारते, तिथं काय शिकवतात?
काहीच नाही, आई.
मग शिकतेस काय?
मी म्हटलं, आवाज नीट येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात कळलं:
मशीनकडे जागा मागायची,
चोवीस बाइट दे.
ती देते, कुरकुरत नाही.
काम झालं की परत करायची.
मी विसरायचे.
शेजारणीची वाटी रिकामी परत देऊ नये,
चार खजूर तरी घालावेत, हे मला ठाऊक.
मशीनला खजूर नकोत.
वाटी हवी.

काल रात्री इद्दरचं काम तपासायची पाळी माझी.
हाच इद्दर, टेबलाखाली चटईवर झोपणारा,
ज्यानं मला कागदी पेले मांडून पॉइंटर समजावला:
"पत्ता म्हणजे घर नव्हे, लल्ला.
पत्त्यावर जाऊन बघ, घर पडलेलंही असेल."

सगळं बरोबर चाललं होतं.
मग मी एक रिकामी ओळ दिली
आणि त्याचा प्रोग्राम कोसळला.
कोसळला तर शून्य. नियम आहे.
खोलीत आम्ही दोघंच.
ती ओळ मी दिली नसती तर
कुणाला कळलं असतं?

मी शून्य लिहिलं.
तो उठून बाहेर गेला.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

मग आला, मशीनमधली कॉफी घेऊन,
एकच पेला, पैसे तेवढेच असावेत.
अर्धा पिऊन माझ्याकडे सरकवला,
खुर्ची ओढली.
"कितव्या ओळीत पडलं?"

आम्ही शेवटाकडून उलटं वाचत निघालो.
सव्वाचारला मालगाडी गेली,
टेबल हललं, कॉफी हलली.
चौऱ्याहत्तरावी.
"नाही," तो म्हणाला, "त्याच्याही आधी."