किती वेळा, किती मिनिटं

गुरुवारी मी पोर्ट टॅल्बटच्या लायब्ररीत बसतो,
रेडिएटरजवळ, काळ्या शाईची तीन पेनं घेऊन.
बत्तीस वर्षं पोलादाचे पत्रे मोजले,
आता लोकांची दुखणी मोजून देतो, फुकट.

नेरिस आली. चाळीस पानी फॉर्मला
पिशवीतल्या संत्र्यांचा वास.
चार वर्षांचा मॅक्सेन थेट टेबलाखाली,
माझ्या बुटाच्या नाड्यांशी.

"तसा गुणाचा आहे. फार त्रास नाही."
म्हटलं, पोरी, हे वाक्य घरी ठेव.
इथे वाईटातला वाईट दिवस लिहायचा.
'कधीकधी' चालत नाही. आकडा सांग.
भरवायला? पन्नास मिनिटं.
मोजे घालायला? ती हसली. कुठले मोजे?
त्याच्याच वयाच्या मुलाशी ताडून पाहा, फॉर्म म्हणतो.
शेजारची एलिन आता सायकल चालवते, म्हणाली,
आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

रात्री किती वेळा उठतेस?
"शून्य."
पेन थांबलं. शून्याला पैसे नाहीत.
"उठायला आधी झोपावं लागतं ना.
पलंगाला टेकून बसते, हात त्याच्या छातीवर.
श्वास अडकला की हाताला आधी कळतं."

चौकट बोटाच्या पेराएवढी.
मी समासात शिरलो, कागद फिरवत फिरवत
ती सांगेल तसं लिहीत गेलो.
सही करताना तिचा डोळा लागला,
आडनावाच्या मध्येच.
उठवलं नाही.

दोन्ही नाड्या सुटल्या होत्या.
बांधायला वाकलो, तर त्यानं माझा हात ओढून
आपल्या छातीवर ठेवला.