पत्रा मागं येतो

उद्यमनगरच्या तिसऱ्या गल्लीत
वेल्डिंगचं दुकान आणि चहाची टपरी यांच्या मधोमध
टेम्पोतून उतरलं ते धूड,
इचलकरंजीच्या एका बंद शेडमधून आणलेलं.
सहा माणसं, दोन पहारी, पाइपांचे चार तुकडे,
आणि नेमगोंडा अण्णा नुसते तोंडानं :
"सावकाश. म्हैस न्हवं ती, पडली तर उठायची न्हाई."

बिजागरीत पुराचा गाळ होता, वाळून दगड झालेला.
पहिले दोन दिवस मी तेवढंच केलं.
रॉकेल, तारेचा ब्रश, बनियनच्या चिंध्या.
आयटीआयच्या माझ्या वहीत
या मशीनची आकृती होती, बाणांसकट,
दहापैकी नऊ मार्क.
गाळाला बाण नव्हता.

मग पाणसळ.
बुडबुडा मधे यायला दुपार गेली.
"जमीन खोटं बोलती," म्हणत अण्णांनी
उजव्या पायाखाली पत्र्याची पट्टी सरकवली,
मग तिच्यावर आणखी एक, नखाएवढ्या जाडीची.
बोल्ट आवळायला पाना माझ्याकडं दिला.
"जीव खाऊन नगं. पुरंल एवढं."
पुरंल एवढं म्हणजे किती,
ते मी अजून विचारलेलं नाही.

वरचा जबडा मागं घ्यायचा, पत्र्याच्या जाडीइतका,
दोन्ही टोकांना सारखा.
डावीकडं जमला की उजवीकडं बिघडायचा,
उजवीकडं बसवला की डावीकडं रुसायचा,
दूध संस्थेच्या निवडणुकीतल्या दोन पॅनेलांसारखा.

पहिला पत्रा वीस गेजचा, भंगारातला.
रेघ मारली, जबड्यात धरला, हँडल ओढलं.
काही झालं नाही.
अण्णा हसले नाहीत.
शेजारचा वेल्डर दिलावर हसला, काच वर करून.
"हातानं न्हवं गं. पायातनं आण."
पाय रोवले, कंबर मागं, अंगाचं वजन सोडलं,
आणि खालचं पान उचललं गेलं,
पत्रा उठून बसला
हाक मारल्यासारखा.

गुण्या लावला. नव्वद.
हँडल सोडून पुन्हा लावला, तर फट.
पलीकडं दिलावरच्या ठिणग्या दिसत होत्या
केसाएवढ्या उजेडातून.

"मागं येतोय त्यो," अण्णा म्हणाले,
"आदीचं सपाटपण ध्येनात असतं त्याच्या.
नव्वद पायजे तर ब्याण्णव वाकीव.
स्टेनलेस असंल तर आणि थोडं, त्याचा ताठा लई."

पहिली ऑर्डर वडणग्याच्या गुऱ्हाळाची :
बारा ट्रे, चारी बाजू उभ्या.
मी समोरासमोरच्या दोन बाजू उभ्या केल्या
आणि तिसरी जबड्यात जाईना.
सबंध पान जबड्यात असताना
दोन भिंती आडव्या येतात, हे आधी दिसत नाही.
पानाचे दोन तुकडे बाजूला ठेवायचे होते,
ट्रेच्या रुंदीएवढेच दात राखायचे होते.
मी ओढलं तसंच. कोपरा चुरगळला.

अण्णांनी तो ट्रे उलटसुलट बघितला,
पैसे कापतो म्हणाले नाहीत, शिकवण दिली नाही.
खिळ्याला टांगला.
आता त्यात नट असतात, वायसर असतात,
दिलावरची चुन्याची डबी असते.
उरलेल्या अकरांत गूळ थिजतो म्हणे.
मी बघायला गेलेले नाही.

घरी बाबांनी सोमवारी मान डोलावली होती.
गुरुवारी जेवताना
बँकेच्या परीक्षेचा फॉर्म ताटाशेजारी निघाला.
"शिकलीस की. पुरे झालं आता."
मी भात कालवत हिशोब केला.
सहा महिने हवे होते मला.
"आठ महिने लागतील," म्हटलं,
आणि हात हँडलवरून काढला नाही
ते पाणी पिऊन होईपर्यंत.

सकाळी गल्लीत अजून शटर वर नसतात.
मी तेल सोडते बिजागरीत, तीन थेंब इकडं, तीन तिकडं.
परवा घासताना अगदी आतून
गाळाची आणखी एक खपली निघाली.
पंचगंगेची, की कुठल्या नदीची, कोण सांगणार.
तळहातावर घेतली, फुंकली.
पाणसळ परत लावायला हवी.