दोन बोटं

माझ्या उजव्या हाताला तर्जनी नाही.
हॅलिबटच्या मोसमात, तिसऱ्या खेपेला
विंचच्या दोरात हातमोजा गेला,
हातमोज्याबरोबर जे जायचं ते गेलं.
होमरच्या दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली,
नशीबवान आहात, अंगठा वाचला.
मीही मान डोलावली. दोर ओढायला अंगठा लागतो.
बोटीवरचे गडी अजून हसतात:
इतरांना स्वर्ग दोन बोटं उरतो,
नझारीला एकच.

उलिता तेव्हा पोटात होती.

आता पाच वर्षांची आहे. कमरेला विणलेला पट्टा,
आईने शिवलेला लाल साराफान,
पायांत दुकानातले मोजे, त्यावर चष्मा घातलेलं अस्वल.
पहाटे सहाला, खिडकीत अजून रात्रच असते,
पवित्र चित्रांच्या कोपऱ्यापुढे तिला उभी करतो.
म्हणतो, बघ, असा हात धर.
अंगठा, अनामिका, करंगळी,
तिघं एकमेकांना टेकलेली.
वरची दोन उभी. त्यातलं मधलं जरा वाकलेलं,
कारण आभाळ वाकवून देव खाली उतरला.
मग कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा.

बोलतो मी दोन. दाखवतो एक.

या दोन बोटांसाठी, पोरी,
तुझ्या खापरपणज्याच्याही आधीची माणसं
कोठाराला आतून कडी लावून जळाली,
पण तिसरं बोट जोडलं नाही त्यांनी.
या दोन बोटांसाठी सैबेरिया सुटला,
मग चीन, मग ब्राझील, जिथल्या लाल मातीत
माझ्या आजीने राय पेरली आणि मका खाल्ला,
मग ऑरेगन, मग रस्ता संपतो तिथलं हे गाव.
पुढे नुसतं पाणी, आणि पाण्यापलीकडे बर्फ.

यातलं मी काहीच बोलत नाही.
सकाळी सहाला, दुधाचा दात हलत असलेल्या मुलीला
जळत्या कोठाराचं काय सांगायचं?
एवढंच म्हणतो, नीट धर.

ती नीट धरते.
तर्जनी मुडपून तळव्यात लपवते,
मधलं एकटंच उभं करते, जरा वाकवून,
अगदी माझ्यासारखं.

रविवारी प्रार्थनाघरात नाफनाईल आजोबांनी
वाचता वाचता पोथीवर बोट ठेवलं.
चष्म्यावरून बघत विचारलं,
ही एका बोटाची रीत कुणाची?
उलिता खणखणीत म्हणाली, बाबांची.
बायकांच्या बाजूला रुमाल हलले. कुणीतरी खोकलं.
मी हात पाठीमागे नेला,
जणू तो चोरून आणला होता.
आधीच आम्ही बोटांवर मोजण्याइतके,
त्यातलं एक मी समुद्रात टाकून आलेला.

संध्याकाळी अनफिसा कणीक मळत होती.
तिने तोच हात वर केला, पीठ लागलेला:
अशी. दोन. कळलं?
उलिता बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, आईला एक जास्तीचं आहे.

झोपवताना विचारलं,
बाबा, तुमचं कुठे गेलं?
समुद्रात.
कुणी खाल्लं?
हॅलिबटने खाल्लं असेल.
मग तो मासा क्रूस काढतो का?

मला नाफनाईल आजोबांसारखं उत्तर येत नाही.
मला मासे माहीत आहेत.
म्हणालो, त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात.
तळाच्या चिखलात पडून राहतो
आणि जन्मभर वर बघतो.
म्हणजे काढतो, ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

आज पहाटे तिने दोन्ही बोटं सरळ धरली.
कपाळ. पोट. उजवा खांदा.
डाव्या खांद्यापाशी येता येता
एक हळूच मुडपलं.
नीट धर, म्हणायला मी तोंड उघडलं
आणि म्हणालो,
प्रभू, दया कर.