फॉर्मवरचे दोन चौकोन

वैजू,
फॉर्मवर दोन चौकोन आहेत म्हणतीस,
जुना ब्लॉक, नवा ब्लॉक,
आणि मला विचारतीस खूण कुठं करू.
एक वर्ष मी इथं काढलं, दीड वर्ष तिथं,
तरी पटकन सांगता येईना बघ.

जुन्यात एका खोलीत सहाजणी.
पंखा एकच, शिवलीलाच्या खाटेवर.
बाकी आम्ही वारा नुसता ऐकून झोपायचो.
जुलैत कौलं तीन ठिकाणी गळायची,
ठिकाणं ठरलेली,
म्हणून खाटांच्या जागाही ठरलेल्या.

पहाटे कॅम्पाकडनं बिगुल,
आणि बिगुलाच्या आधी शिवलीलाची हाक,
नीर बंतु!
सौंदत्तीची ती, आवाज डोंगरावरचा.
चार दिवस मला वाटलं
नीरबंतु नावाची कोण पोरगी आहे,
रोज उशिरा उठते,
रोज हिला हाका खाव्या लागतात.
पाचव्या दिवशी कळलं, पाणी आलंय,
तोवर नळ गेला होता.

बादल्यांवर नावं नेलपॉलिशनं.
माझं तिनंच लिहिलं, तिच्या गोल गोल अक्षरांत.
मला वाचता येईना,
पण जी वाचता येत नाही ती माझी,
एवढं पुरत होतं.

गोड करून सांगणार नाही गे.
ट्रंकेतनं नऊशे रुपये गेले, ते अजून गेलेलेच आहेत.
पाळीच्या दिवसांत ती रांग.
संडासाचा दिवा महिनाभर बंद.
आणि रडायला जावं कुठं?
सहाजणी बघायच्या,
आणि तबस्सुम तर बघता बघता स्वतःच रडायला लागायची,
मग मलाच तिची समजूत काढावी लागायची.

नवा ब्लॉक मला आवडला, हे आधी लिहून ठेवते.
पहिल्या रात्री मी आतनं कडी लावली
आणि गरम पाण्याखाली उभी राहिले,
बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत.
दारावर कुणी थाप मारली नाही.
अडीच वर्षांतली ती माझी सगळ्यात मोठी अंघोळ.

तिथं हजेरीला अंगठा लागतो.
कुलगोड मॅडम आता खोल्यांतनं फिरत नाहीत,
त्यांना मोबाइलवर आपण दिसतो.
तिघीजणी, तीन टेबलं, तीन चार्जर,
कानांत आपापली गाणी.
मला ताप आला तेव्हा अन्वितानं
शेजारच्या पलंगावरनं मेसेज केला, बरी आहेस?
मी अंगठा पाठवला.
पहाटे तीनला रिक्षा तिनंच आणली,
दवाखान्यात माझी चप्पल हातात धरून बसली,
हेही खरं.
म्हणून म्हणते, सोपं नाही सांगणं.

फेब्रुवारीत नव्या ब्लॉकची मोटर जळाली.
चार मजले, दोनशे पोरी,
आणि बादली म्हणशील तर एक,
माझी, पलंगाखाली,
तिच्यात मी कांदे ठेवले होते.
कांदे गादीवर ओतले
आणि गेले जुन्याकडं,
ओळख ना पाळख, रांगेच्या शेपटाला.

पुढची पोरगी वळली. पहिल्या वर्षाची, बैलहोंगलकडची.
माझ्याकडं बघितलंच नाही,
बादलीकडं बघितलं,
आणि वाचल्यासारखं म्हणाली,
सुलू अक्का?
मग बाजूला सरून मला पुढं घेतलं.
तीन वर्षं हातात धरलेलं माझं नाव
पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

तेव्हा खूण कुठंही कर.
फीत अकरा हजारांचा फरक आहे, तो काकांना विचार,
लाजू नको.
खानापूरच्या बसनं येतीस तर मागच्या दारानं उतर,
मी तिथंच असते.

बादली तेवढी आण.
लाल नको, लाल सगळ्यांच्याच असतात.
नाव घालू नको,
मी घालते.
आता मला येतं.