सेटिंग

उद्यमनगरात, शटर अर्धं ओढून,
शिकलगारांच्या निलोफरनं पेनड्राइव्ह लावला
आणि बिलं करायच्या जुन्या डबड्यात
लिनक्स बसवलं.
"पैसे किती?"
"फुकट, काका."
फुकट म्हटलं की मी आधी खोट शोधतो.

काळी खिडकी. पासवर्ड मागितला,
टाकला तर टिंबसुद्धा उमटेना.
कीबोर्ड मेला म्हणून पालथा करून झटकला,
बिडाचा चुरा पडला टेबलावर.
"दिसत नाही ते. टाकत राहा."

पायथन आत आधीच होतं.
प्रिंट, कंस, अवतरणात माझं नाव.
एंटर.
खाली उमटलं: रंगराव.
एवढंच. पण चष्मा पुसून परत बघितलं.

मग दहा वेळा रंगराव काढायला गेलो
तर लाल अक्षरात शिवी आल्यागत काहीतरी.
एक ओळ एका स्पेसनं सरकलेली.
इथं मात्र हसलो मी. सूतभर सरकलं की जॉब भंगारात,
हे मला कुणी सांगायला नको.

"ही भाषा ज्यांनी केली ना, काका,
त्यांचं आतलं लिहिलेलंही उघडं आहे. वाचा."

उघडं?
चौगुले मिस्त्री आट्याचं सेटिंग लावताना
लेथला असे आडवे व्हायचे
की सहा वर्षं मी फक्त बनियनची भोकं मोजली.
गियरचे दात रात्री चोरून, बोटानं.

पोरगी गेली. एक फाइल उघडली.
अक्षर कळेना.
पण आडवं कुणी नव्हतं.

सकाळी आटे पाडायला घेतले,
नवा पोऱ्या मागं उभा होता.
मी जरा बाजूला सरकलो.